टेकायची काठी

सांगली, १२ नोव्हेंबर १९४५

पाहुणी आली! हे शाळेतून येताना घेऊनच आले, मंडईतून भाजी आणावी तसे. साळूबाई, कवठे महांकाळकडच्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, पट्टी मात्र दोन्ही डोळ्यांवर. दवाखान्यातली खाट दुसऱ्याला हवी होती, आणि डॉक्टर म्हणतात पट्टी सुटेपर्यंत गावी जायचं नाही, गाडीचे हादरे बसले तर डोळा जाईल. मुलगा अर्जुना जागा शोधत वणवण फिरत होता. ह्यांनी सांगून टाकलं, "आमची पुढची खोली आहे की!" मला कोण विचारतो!

अर्जुनानं उंबऱ्याबाहेरच हात जोडले. "मास्तर, राग मानू नगा. आई तुमच्या घरचं अन्नपाणी घ्यायची न्हाई. मीच रांधीन तिच्यापुरतं." आम्ही ख्रिस्ती झालो तरी मूळचे गावकुसाबाहेरचे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. हे म्हणाले, "रांध की." आणि सासूबाई? उठल्या, काठी टेकत परसात गेल्या, आणि चुलीला तीन दगड आणून ओसरीवर मांडून दिले!

१४ नोव्हेंबर

अर्जुना मोठा कामसू. खाटेच्या पायापासून परसातल्या आडोशापर्यंत बैलाचं दावं बांधलंय. ते धरून म्हातारी एकटी जाते-येते, कुणाचा हात नको.

नर्सबाई रोज येऊन डोळ्यांत औषध घालते. ती आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली. तिचा हात चालतो! म्हणजे विटाळ औषधाला नाही, भाकरीला आहे. हे मी मोठ्यानं म्हणाले. ह्यांनी डोळे वटारले.

१७ नोव्हेंबर

अर्जुनाला जायला हवं. शाळू निसवायला आलाय, कणसं बाहेर पडताहेत, राखणीला कोणी नाही. म्हातारीला वाकायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, कठीण काही चावायचं नाही. मऊ खाल्लं नाही, अंगात ताकद आली नाही तर डोळ्याची जखम भरून यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मग तिला रांधून कोण घालणार? अर्जुना रडकुंडीला आला. "आई हट्टी हाय हो. उपाशी ऱ्हाईल, डोळा घालवंल."

शेवटी समोरच्या अंबूबाईला विचारलं. मराठ्याचं घर. ती कबूल झाली, भाकरी, दूध, पाणी, सगळं द्यायला. पण तिच्या सासऱ्यांनी अट घातली, "दे, पर त्यांची पायरी चढायची न्हाई." मग रस्ता ओलांडून आणायचं कुणी? मी दुपारी शिवणाच्या शाळेत, हे त्यांच्या शाळेत. घरात राहिल्या सासूबाई.

१८ नोव्हेंबर, रविवार

आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. उपासनेहून आले तर सासूबाई रस्ता ओलांडताहेत. हातातली काठी आडवी, अंगापासून लांब धरलेली. तिच्या टोकाला अंबूबाईचा डबा आणि फिरकीचा तांब्या टांगलेला. ही काठी त्यांची टेकायची! तीच उचलली, तर तोल कशानं सावरणार? एक हात भिंतीला धरून पायरी चढल्या. आत जाऊन म्हणाल्या, "साळूबाई, काठी म्होरं केलीया, काढून घ्या. माझा हात लागल्याला न्हाई."

मी सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावून चांगलीच तडकले. आपल्याच घरात आपण पुन्हा लांबून वाढायचं? लहानपणी ह्यांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. ते पाहिलेल्या आईला हे कसं करवतं? आणि साळूबाईंना दिसतंय थोडंच! डबा हातात धरून आणला तर कुणाला कळणार आहे?

सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "प्रभूनं आपल्याला घेतलं, तवा आदी बदलून या म्हनला व्हता का? हाय तसंच घेतलं. मग तिला घेताना आपुन अट घालायची व्हय गं?"

मीही त्यांच्याशेजारी शेंगा सोलायला बसले.

२१ नोव्हेंबर

सासूबाईंचा गुडघा सुजलाय. तेल लावून दिलं. तरी दुपारी काठी आडवीच.

२४ नोव्हेंबर

घरात आता दोन म्हाताऱ्या. एक खाटेवर, एक उंबऱ्याच्या अलीकडे. एकमेकींना 'साळूबाई', 'बनुबाई' करत दिवसभर गप्पा! म्हशी, सुना, कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ. सुनांचा विषय निघाला की आवाज खाली जातो. मला ऐकू येतंच. एरवी सासूबाईंना बोलायला कोण असतं? आम्ही दोघं घंटेवर पळणारे. खरं सांगायचं तर घर भरल्यासारखं वाटतं. बरं वाटतं.

२६ नोव्हेंबर

अंबूबाईकडे सुतक. चुलतसासरे गेले. तिच्याकडून आता काही यायचं नाही.

म्हातारीनं सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. नर्सबाई नाडी धरून म्हणाली, असं चालायचं नाही, पट्टी सोडायची वेळ जवळ आलीय आणि आता अशक्तपणा नको. मला राहवेना. माझ्याच हातची भाकरी दुधात कुस्करली, मऊसूत. अर्जुना मागे ठेवून गेलेला डबा फळीवर होता, त्यात घातली. आणि सासूबाईंची काठी घेऊन तिला तो टांगला! काठीवरून गेला म्हणजे अंबूबाईचाच. पोटात अन्न गेलं की झालं, देव काय ते बघून घेईल.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुनाच्या चुलीवरचं हे?"

"हळू बोला ना! तिला काय दिसतंय?"

"डोळं तिचं बांधल्यात. माझं न्हाईत."

आणि आत तोंड करून चक्क सांगितलं, "साळूबाई, शेजारी सुतक पडलंय. ही भाकरी आमच्या चुलीवरची हाय, सुनेनं तुमच्या काळजीनं केलीया. खानार असलात तर देती. न्हाई तर दुसरं बगती."

 आतून आवाज आला, "नगं, बनुबाई." एवढंच.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानं की लाजेनं, मलाच कळेना. सासूबाई तो सुजका गुडघा घेऊन कोपऱ्यावरच्या बागवानाकडे गेल्या आणि केळ्यांचा फणा घेऊन आल्या. काठीला टांगून! सालीतल्या फळाला विटाळ नसतो म्हणे. हे शास्त्र त्यांना बरोबर ठाऊक. का ठाऊक, ते विचारायला नको. दूध आणि पाणी दवाखान्यातून नर्सबाईनं आणलं, औषध म्हणून. ते चाललं! म्हातारीनं केळी खाल्ली, दूध प्याली आणि घोरायला लागली. सुतक फिटेपर्यंत आता असंच.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे हसून म्हणाले, "आमच्या आईला फसवायला निघालीस होय? बाबांना आयुष्यभर जमलं नाही!"

५ डिसेंबर

पट्टी सुटली! दिसतंय! डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, आणि म्हातारीनं वर नर्सबाईच्या लुगड्याचा रंग सांगितला. अर्जुना न्यायला आलाय, लहान मुलासारखा हसत होता.

घरी आल्यावर साळूबाई ओसरीच्या कडेला थांबल्या. सासूबाई केळी घेऊन आल्या, नेहमीसारखी काठी आडवी. म्हातारीनं आधी त्यांचं तोंड पाहिलं. मग काठी पाहिली. मग तो सुजलेला गुडघा. फार वेळ पाहत राहिल्या. केळी काढून घेतली. 

६ डिसेंबर

गेल्या. दावं सोडलं, चुलीचे दगड अर्जुनानं परसात नेऊन ठेवले. निघताना म्हातारीनं लांबूनच हात जोडले. एक शब्द नाही! इतके दिवस राहून "येते" सुद्धा नाही! मला फार लागलं ते. सासूबाई मात्र खुशीत. "दिसाय लागलं की गं तिला. आनि काय पायजे?"

२५ डिसेंबर

नाताळ. उपासना भरगच्च. सुतक फिटल्यापासून अंबूबाई अधूनमधून खिडकीतून बोलते. आज तिनं पायरीखाली उभं राहून करंज्यांचं ताट घेतलं आणि पदराखाली झाकून नेलं. सासऱ्यांना सांगणार नाही म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "तिचं ती बगंल." पुढच्या खोलीकडे पाहून दोनदा म्हणाल्या, "खोली कशी मोकळी वाटती." मलाही वाटते, पण मी बोलले नाही.

१५ जानेवारी १९४६

अर्जुना आला होता, हुरड्याच्या कणसांचं ओझं घेऊन. उंबऱ्याच्या आत येऊन बसला, चहा मागून घेतला. कपाकडे नुसतं बघत म्हणाला, "आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढच्या हप्त्यात काढायचा हाय. हितंच ऱ्हायाचं म्हनती. मी इचारलं, चुलीला दगड आनू का? तर म्हनली, नगं. म्हनली, पट्टी व्हती तवा रोज कान देऊन ऐकत व्हते, बनुबाई म्हातारी मानूस, पर डबा घेऊन येताना काठी टेकल्याचा आवाज कवा आलाच न्हाई. बनुबाईला सांग, भाकरी हातावर घेऊन ये म्हनावं, आनि काठी टेकत ये."