खंडेनवमीची धार

झाशी, ५ ऑक्टोबर २०२५

चि. मनस्वीस बकुळाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर खायला उठलं. फोनवर तू हिंदीत दोन मिनिटांत उरकतेस, म्हणून हा कागद. उत्तरही मराठीतच हवं, वेलांट्या चुकल्या तरी चालतील.

आता गंमत ऐक. अष्टमीला तू चिरगावला तुझ्या मैत्रिणीकडे, अक्षदाकडे गेलीस, तेव्हा तुझे बर्फावरच्या स्केटिंगचे बूट मी बडा बाजारात नेले. तुझ्या आजोबांच्या, नानासाहेबांच्या तलवारीला दर खंडेनवमीला धार लावणारा सिकलीगर म्हणाला, पाती मधोमध झिजून खोलगट झालीत आणि पुढे दाते पडलेत. त्याने सगळं घासून सपाट, लखलखीत करून दिलं. बिनधारेचं शस्त्र आपल्याकडे पूजेला ठेवत नाहीत, तुझे बाबाही ठेवत नसत. तू हात जोडलेस तेव्हा पाती झेंडूत बुडाली होती. कव्हरं मीच चढवून बॅगेत भरली.

यंदा भारताच्या संघात निवड झाली नाही तर परत यायचं, हे ठरलंय. मी विसरले नाही हो! पण तू जिंकच.

माया आहेच, ती वाढेल असं पत्र लिही.
तुझी आत्या

देहरादून, १७ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काल चाचणी झाली. दोनदा पडले, निवड नाही झाली. गुडघा सुजलाय, पण टेन्शन घेऊ नकोस. धार छान होती.

दिवाळीसाठी होस्टेल रिकामं झालंय. मेस बंद, म्हणून मॅगी. गुडघा बरा झाला की येते.

लोभ असू दे, निवड नसली तरी.
तुझी मनू

झाशी, २४ ऑक्टोबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत चकल्या केल्या आणि त्या मीच खाल्ल्या. भाऊबीजेला खालच्या पुष्पाजींनी मोबाइलवर तुझी चाचणी दाखवली. पडलीस तेव्हा मी व्हिडिओ थांबवायला लावला. पुन्हा बघितलं, तर पायातले बूट तुझे नव्हते. तुझ्या बुटांना मी ओवलेली लाल नाडी आहे. कुणाचे घातलेस आणि का? मला फसवायला अजून लहान आहेस. खरं लिही.

उत्तराची वाट पाहणारी,
आत्या

देहरादून, ३१ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

बूट माझ्या खोलीतल्या ईशाचे होते, मला एक नंबर मोठे. आत्या, ती झीज नव्हती गं. मधली खाच मुद्दाम असते, तिच्या दोन्ही कडांवर आम्ही उभे राहतो. पुढच्या दात्यांवर टेकून उडी घेतो. इथे आल्यावर पहिल्याच फेरीत पाय साबणावरून गेल्यासारखे सुटले. सर म्हणाले, खाच पुन्हा पाडता येईल, दाते येणार नाहीत. नवी पाती परदेशातून येतात, चाचणीआधी मिळणं शक्य नव्हतं.

मी खूप चिडले होते तुझ्यावर. मग बुटाच्या शिवणीत कुंकू सापडलं आणि रडूच आलं. इथे पडलं की सगळे बाजूने निघून जातात, रिंकचा नियमच आहे तो. कुणी माझ्यासाठी देवापुढे काही ठेवत नाही.

बूट पार्सलने पाठवलेत, सामानही बांधतेय. ठरलं म्हणजे ठरलं.

तुझीच,
मनू

झाशी, ८ नोव्हेंबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

बूट पोचले. पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू घरी यावीस असं मला रोज वाटतं, पण अशी नको.

काल दार लावून घेतलं आणि तुझे बूट पायात चढवले. भिंत धरून उभी राहिले, दोन पावलं टाकली, आणि घामाने भिजले. ही साधी फरशी, तीही घरातली! तुझ्या तिथे मधोमध धरायला काहीच नसतं आणि उचलायलाही कुणी येत नाही. हे तू मला याआधी कधी सांगितलं नाहीस, आणि मीही धारेचंच घेऊन बसले.

आपलं ठरलेलं मी मोडते. सामान सोड, सरांना नवी पाती मागवायला सांग. हे बूट आता नानासाहेबांच्या तलवारीशेजारी राहतील. दोघांनाही आता कुठे जायचं नाही, मला सोबत होईल.

पुढच्या खंडेनवमीला नक्की ये. फक्त नवे बूट तिकडेच ठेवून ये.

भिंतीला धरून बसलेली,
तुझी आत्या