पारापुढची चाल

सोमवार, ४ डिसेंबर
मला कमजोर ठरवली. मला! सकाळी शेळ्यांना पाला मीच तोडून आणला, आन् दुपारी मी कमजोर.

मारुतीच्या पारापुढं म्हाताऱ्यांची तपासणी होती. दवाखान्यातली सिस्टर नवी, पोरसवदा. म्हणाली, "आजी, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत चाला, रोज चालता तसं." मोबाइलवर येळ लावला. पारावर आमचे भासरे बसलेले, मालकाचे थोरले भाऊ. मालक गेले म्हणून काय झालं, भासरे ते भासरेच. चपला काढल्या, पदर धरला, मान खाली, अंग चोरून गेले. जन्मभर तशीच जाते. मग मूठ दाबायचं यंत्र दिलं. उजव्या हातात पदर, दाबलं डाव्यानं.

सिस्टरचं तोंड बारीक झालं. "घरी कोण असतं?" लगेच माझ्या पोराला, दत्त्याला फोन लावला.

मंगळवार, ५
दत्त्याचा अंबाजोगाईहून फोन. पोटचं पोरगं, पण "माय, कशी हायस" न्हाई. "रविवारी टेम्पो आणतो. शेळ्या इकून टाकू. तू हिकडं चल." तिथं काय, माडीवर टीव्हीपुढं बसायचं, सून दिल तवा खायचं. फोन ठिवला.

गुरुवार, ७
सिस्टरला गाठलं. "भासऱ्यांपुढून दणादणा चालू का? तू चालतीस का सासऱ्यापुढं?"
हसली. "आजी, मी त्यांना गाडीवर मागं बसवून नेते. आधी का नाही सांगितलंत?"
"तू इचारलं का?"
रविवारी घरी येती म्हणाली. अंगणात परत चालवणार.
ती हसली, मला हसू न्हाई आलं. मागल्या आठवड्यात शेळ्यांमागं बांधावर टेकले ते उठवंचना. लिंबाला धरून कशीबशी... कुणाला बोलले न्हाई. तिलाबी न्हाई.

रविवार, १०
दत्त्या रातीच आला. टेम्पो दारात, शेळ्या बिचकल्यात. सकाळी सिस्टरला फोनवर सांगत होता, "ती पडती, खात न्हाई, लई थकती." अंबाजोगाईत बसून ह्याला माझं ताट दिसतं! पडल्याचं खोटं. खात न्हाई तेबी खोटं. थकल्याचं कुणी सांगितलं ह्याला?

सिस्टर येतीच हाय. जाऊबाईकरवी भासऱ्यांना निरोप धाडला, आज हिकडं फिरकू नका. आन् दत्त्याला तोंडावर सांगितलं, तू टेम्पोत बस, काच वर कर. ती मला इचारणार. खरं काय, खोटं काय, मीच सांगणार. मधी तोंड घालायचं न्हाई.