‘मामा सांगतात’ हा संदर्भ चालत नाही

ती. रॉबिनमामा यांस,

एलियाचा सलाम. प्रभूच्या दयेने इकडे नगरला आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? मरियामामींची शुगर तपासली का? खरं तर फोनच करणार होतो, पण विहिरीचा विषय काढला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं (बाकी सगळं येतं), म्हणून हे पत्र.

माझा अख्खा प्रबंध आपल्या मिरजगावच्या विहिरीवर उभा आहे, हे तुम्ही जाणताच. पणजोबा ख्रिस्ती झाले म्हणून गावाने पाणी तोडलं, त्यांनी स्वतःची विहीर खणली, आणि पुढे दुष्काळात तेच गाव घागरी घेऊन त्यांच्या दारात आलं. (विहिरीवरून आता हमरस्ता गेला, हेही तुम्हीच सांगितलंत.) मी तसंच लिहिलं आणि खाली तळटीप दिली, ‘मामा सांगतात.’ माझे मार्गदर्शक गहिनीनाथ सर यांनी लाल शाईने विचारलं, कोण मामा? तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, “आरं, समद्यांना ठावं हाय.” मी तेही घातलं. त्यावर सरांनी ‘समदे’ हे प्रकाशन कुठलं, असं विचारलं. छापील आधार आणा, नाहीतर तिसरं प्रकरण काढा, म्हणाले. ते काढलं की पुढची आपोआप पडतात, पीएचडी पडते, आणि कॉलेजातली कायमची जागाही जाते. इतकी वर्षं तासिकेवर शिकवतोय (मुलं सर म्हणतात, शिपाई अजून म्हणत नाही).

शेवटी आधार सापडला. सोनईच्या जॉनमास्तरांनी एका स्मरणिकेत विहीर, घागरी, सगळं लिहिलेलं. मी पान क्रमांकासकट संदर्भ दिला आणि घरी पेढे नेले. सरांनी थेट मास्तरांनाच फोन लावला. मास्तर कौतुकाने सांगू लागले की, हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पणात आलेल्या भोपळ्याचा लिलाव थांबवून एका हुशार पोराने भाषण केलं होतं, त्यात हे ऐकलं. तो पोरगा मीच. सर नुसता चष्मा पुसत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मामा, मला प्रबंधापेक्षा वेगळीच भीती वाटते. त्या एका विहिरीच्या जोरावर मी शाळेत, कॉलेजात मान वर करून वावरलो. ती नसेल तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.

तुमचा भाचा,
एलिया

ता. क. सोबत कोरा कागद आहे. ‘ही हकीकत मी वडिलांकडून ऐकली’ असं लिहून सही करा आणि साल घाला. पत्राचं खरं कारण एवढंच.

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. आताच मामींचा फोन आला, त्यांना विहिरीचं सांगितलं. म्हणाल्या, “ती गोष्ट त्यांनीच रचली रे. तुजी आई गेली तवा तू जेवतच न्हवतास. इहिरीची गोष्ट ऐकली की दोन घास खायचास.” तेव्हा तो कागद फाडून टाका. तळटिपेत आता ‘रचणारे, रॉबिनमामा’ असं खरं ते लिहितो, मग सरांना काहीही करू दे. फक्त रचल्याचं साल लागेल. आई गेली तेच असेल तर कळवू नका, मी घालतो.