शहाच्या पुढची चाल

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं माझं अक्षर तुम्ही लगेच ओळखलं असेल. अकरा वर्षांत आपल्यात एक ओळही गेली नाही. खरं तर तुम्ही एक कार्ड पाठवलं होतंत, उत्तर मीच दिलं नाही.

परवा मागची खोली आवरली. तुमचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल, ह्यांचा फळा आणि मधे आपले ‘आजोबा’. बुद्धिबळ खेळणाऱ्या त्या संगणकाला हे नाव तुम्हीच ठेवलंत, कारण तो पाऊण तास विचार करायचा आणि मग मोठ्या रुबाबात वजीर घालवून बसायचा. हे शाळेत गणित शिकवून यायचे, तुम्ही दुकान बंद करून. तुम्हा दोघांच्या वहीतलं सगळं मी संगणकात टाइप करायची. खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण तुमची भांडणं ऐकून पाठ झालं होतं. सगळ्याच चाली शेवटपर्यंत बघायला जन्म पुरणार नाही, तेव्हा थांबायचं कुठे, हा वाद. ह्यांचं म्हणणं, सहा चाली पुढचं बघायचं आणि पुरे. वेळ संपली की डाव गेला. तुम्ही म्हणायचात, “दादा, राजाला शह असताना कसं थांबायचं? मारामारी अर्धवट सोडून कोण जिंकलं ते कसं सांगणार? शह असेल तिथे आणखी एक चाल बघू दे, बाकी फालतू चालींच्या फांद्या छाटू.” त्या नियमाच्या चार ओळी तुम्ही लिहिल्यात आणि आजोबा खरंच सुधारले. हे शेजारीपाजारी सांगत सुटले, “माझ्या धाकट्यानं केलं!” तुमच्यासमोर मात्र कधी नाही.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांच्या स्पर्धेच्या सकाळी तुम्ही वायर आणायला बाहेर गेला होतात. सरावाच्या डावात आजोबांची वेळ दोनदा संपली. हे घाबरले. मला म्हणाले, “त्या चार ओळी काढ.” मी म्हटलं, “भाऊजींना येऊ द्या.” “तो आला की सांगतो. तू काढ.” मी काढल्या. तुम्ही आलात तेव्हा नावं पुकारली जात होती, आणि सांगायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटचा डाव तुम्हाला आठवत असेल. समोरच्यानं हत्ती फुकट दिला, आजोबांनी तो घेतला आणि आपणच जिंकतोय असा आकडा दाखवला. मग शह, पुन्हा शह, पुन्हा शह. सहाव्या चालीपलीकडे त्यांना काही दिसतच नव्हतं. मात झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, “शह असताना हा थांबला कसा?” आणि हे सगळ्यांदेखत म्हणाले, “नियम तुझा, चूकही तुझीच. घाईत लिहिलंस.” तुमचा स्वेटर हातात धरून मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

तुम्ही गाव सोडलंत. सहा महिन्यांनी कार्ड आलं: “वहिनी, सगळे कागद पुन्हा तपासले. चूक सापडत नाही. दादाला सांगा, अजून शोधतोय.” मी ते ह्यांना दाखवलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी संगणकावर चादर टाकली, ती कायमची. तुम्हीही पुन्हा त्या वाटेला गेला नाहीत, असं कानावर आलं. नसलेली चूक शोधता शोधता तुमचा स्वतःवरचा विश्वास गेला, भाऊजी, आणि मला ते एका ओळीनं थांबवता आलं असतं.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायू झाला. एका दुपारी मी विचारलं, “भाऊजींना बोलवू?” ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग जड जिभेनं म्हणाले, “कुठल्या तोंडानं?”

हे गेले, भाऊजी. आज तीन आठवडे झाले. मी तुम्हाला कळवलं नाही. नंबर होता, फोन हातात घेऊन बसले आणि ठेवून दिला. तुम्ही आला असतात, रडला असतात, आणि त्यांच्या पायाशी बसून कदाचित त्या चुकीची माफी मागितली असतीत. ते मला बघवलं नसतं. म्हणून ह्यांना पोचवायला शाळेतले मास्तर होते, शेजारी होते, पाठचा भाऊ नव्हता. चूक तुमची कधीच नव्हती. त्या चार ओळी मी ह्यांच्या सांगण्यावरून पुसल्या. पण तुम्हाला न कळवणं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं एकटीचं.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुमचीच,
वहिनी