लढाईखात्याचे मंत्री

जऊळका, १९४८

द्वारकाच्या बाबास,

काल बायांच्या वर्गात मास्तरांनी मले दिल्लीच्या मंत्र्यांची नावं सांगाले उभं केलं. मले सारी पाठ होती. पण लढाईखातं आलं अन् जीभ अडली. त्या मंत्र्याचं अन् तुमचं नाव एकच. मी म्हणलं, "आमच्या द्वारकाच्या बाबाचं नाव हाय ते." साऱ्या बाया हसल्या. मास्तर म्हणाले, "असा मंत्री दिल्लीत नाही. बसा खाली."

बसल्यावर मले तुमचाच राग आला. तुमी अकोल्यात दुसरीसंग पाट लावला, पोरीले तोंड दाखवलं नाही, अन् मी इथं तुमचं नाव जिभेवर येऊ देत नाही. नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणे. मंग मी कोणासाठी जपून राह्यली ते? त्या अकोल्यावालीसाठी?

आज मी सोताहून उभी राह्यली. मोठ्यानं म्हणलं, "लढाईखात्याचे मंत्री, सरदार बलदेव सिंग." कोणी हसलं नाही.

पाकिटावर तुमचं नाव लिवता येत नव्हतं, म्हणून आजवर एकही पत्र धाडलं नाही. आता लिवता येते, बलदेव. पण तुले धाडू कायले?

मनकर्णा