दुपारची सही

सोम. ८ डिसें.
आजपासून हॉलात मास्तर लोकांचं ट्रेनिंग, पाच दिवस. वेगळी लेकरं वर्गात कशी सांभाळायची, त्याचं. खुर्च्या, माइक, चहा, हजेरीचं रजिस्टर, सगळं माझ्याकडं. हॉलचा जुना माणूस रहीमचाचा नुसता बसून हुकूम सोडतो. शेंद्र्याची कंपनी चार महिन्यात सोडली, वाळूजची दोनच महिन्यात. इथं तरी टिकावं.
सह्या घेताना वर बघितलं तर आमच्या वस्तीवरचे सर! पिशोरच्या पुढं शाळा. चौथीपर्यंत यांनीच शिकवलं, पुढं मी शिकलोच कुठं. पाया पडलो.
"काय रे दत्त्या, माइकवाला झालास? वर्गात तर तोंड उघडत नव्हतास."
सगळे हसले. मीबी.
धाकट्या बहिणीचं, रेखीचं विचारायचं व्हतं. नाय जमलं.

मंगळ. ९
मायला फोन. रेखी कुठंय म्हणलं. "हाये की, खाटंपाशी."
बांधली का?
म्हणली, "कापूस येचायला गेल्यावर कोण बघंल? हीर हाये रे जवळ, पाण्यात पडली मंग?"
बहीण माझी नऊ वर्षांची. बोलत नाय. शाळेची घंटा झाली की किंचाळती, पळत सुटती. दिवाळीनंतर सरांनी सांगितलं, घरीच ठेवा, बाकीच्यांचं नुकसान होतं. तवापासून लुगड्याचं टोक हिच्या पायाला, दुसरं खाटंला.
आज ट्रेनिंगच्या मॅडमनी चिठ्ठ्या दिल्या. तुमच्या शाळेतलं जे लेकरू वर्गात बसत नाही त्याचं नाव लिहा, फळ्यावर चिकटवा. संध्याकाळी मी काढत व्हतो. एका चिठ्ठीखाली आमच्या शाळेचं नाव. वर एकच शब्द. निरंक. शाळेच्या कागदावर कायीच नसलं की लिहितात तो.
लई येळ हातात धरली. मग बाकीच्या चिठ्ठ्यात टाकली.

बुध. १०
जेवणाच्या आधी सर जवळ आले. "दत्त्या, दुपारची सही आत्ताच करू दे. फुलंब्रीला पाव्हणे येणारेत, पोरीला बघायला."
गुरुजींना नाय कसं म्हणायचं? रजिस्टर दिलं. तेवढ्यात बोलून घेतलं, सर, रेखीला परत घ्या की वर्गात. "बघू रे." माझाच पेन खिशाला लावून गेले.
दुपारी थर्मास घेऊन आत गेलो ते तसाच उभा राह्यलो. मॅडम सांगत व्हत्या, काही लेकरांना आवाज टोचतो. ती हट्टी नसतात. घंटा व्हायच्या आधी त्यांना चित्र दाखवा. आता अभ्यास, आता घंटा, आता जेवण. कान दाबले तर दाबू द्या. पहिल्या दिवशी दारातच बसलं तरी चालेल.
सगळी रेखीच. मॅडमला आमच्या घरचं कुणी सांगितलं?
आन सरांची खुर्ची रिकामी. मीच रिकामी केली.
मॅडमनी रजिस्टर बघितलं. "सही आहे. सर कुठं आहेत?"
मी म्हणलो, चहाला गेले असतील.
चाचानं ऐकलं. नंतर म्हणला, "'नक्को' बोलना सीख रे बावा. वो एकीच लफ्ज नै आता तेरे कू."

गुरु. ११
सकाळीच सरांना गाठलं. कालचं जेवढं ध्यानात व्हतं तेवढं सांगितलं, मधीच अडखळलो. "आता तू मला शिकवणार का?"
मग आवाज उतरला. "चार वर्ग एकटा बघतो रे. तिच्यामागं पळू का त्यांना शिकवू, तूच सांग."
खरंच एकटे हायेत.
चार्टपेपरचे तुकडे उरले व्हते. चार चित्रं काढली. पाटी, घंटा, ताट, घर. घंटा मडक्यावानी झाली. पुसून परत काढली, परत मडकंच.

शुक्र. १२
मॅडमनी विचारलं, रजिस्टर बरोबर आहे ना? जो बसला नाही त्याला सर्टिफिकेट नाही.
बोललो असतो तर सरांचं अडकलं असतं. मग रेखीला कुणी उभं केलं असतं? आन नाय बोललो तर...
बरोबर आहे म्हणलो.
माइकवर नावं मीच वाचली. सरांचंबी. टाळ्या.
सरांना चित्रं दिली. "ठेव टेबलावर, घेतो." फोटो झाले, जीप आली, गेले. चित्रं टेबलावर. घंटेवर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला.

शनि. १३
चित्रं प्लास्टिकात बांधून पिशोरच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं दिली. मायला फोनवर समजावलं, सोमवारी रेखीला शाळेत ने, घंटा व्हायच्या आधी मडकं दाखव. म्हंजी घंटा.
"तूच ये ना."
इथं सोमवारी लग्न हाये, सुट्टी नाय.
"मग लुगडं सोडू म्हनतो?"
सोड म्हणलो. बोलून गेलो खरं. हीर हाये जवळ.

सोम. १५
साडेधाला मायचा फोन, शाळेपासून. खाडा केला तिनं.
"दावलं रे मडकं. घंटा झाली. कान दाबून बसली, वरडली नाय."
सर?
"वट्यावर उभे हायेत. हिच्याकडंच बघत्यात."
काय म्हणले?
"कायी नाय. हातात हजेरी हाये."
रेखी आत हाये का भाईर?
"उंबऱ्यावर."
मागून पोरांची प्रार्थना ऐकू येत व्हती. मग सरांचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारल्यावानी. नाव रेखीचं का दुसऱ्या कुणाचं, कळलं नाय. फोन कटला.
तीनदा लावला. उचलना.
चाचा वरडतोय, वऱ्हाड आलं, खुर्च्या कमी हायेत.