नवरदेवाच्या गाडीचा नवा कॅम

मी, हिरासिंग रामसिंग राठोड, वय सदुसष्ट, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार गोरेगावजवळचा तांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, दारूही घेतलेली नाही. सोमवारी नांदेडला माझ्या पोटातल्या गाठीचे ऑपरेशन आहे आणि मला भीती वाटते. भ्यालेला माणूस वेडा नसतो, एवढे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. माझी बायको नीलाबाई आत्ताच चहा ठेवून गेली आणि म्हणाली, "मरायच्या आधीच काहून मरून राहिले?" तिला काय सांगू? माझ्या पोटापेक्षा मला त्या गाडीचे भेव जास्त आहे.

१. राहते घर, परसातली जागा आणि बँकेत जे काही उरेल ते नीलाबाईचे. तिच्या हयातीत तिला घरातून कोणी उठवू नये. शेळ्या आधीपासून तिच्याच आहेत, मी त्यांना फक्त शिव्या दिल्या.

२. गॅरेजमधले पाने, जॅक आणि व्हाल्व घासायचे सामान माझा जोडीदार नेमसिंग याला द्यावे. त्याने माझा पान्यांचा डबा दोनदा नेऊन परत केला नाही, म्हणजे निम्मे त्याच्याकडेच आहे.

३. आता गाडी. पांढरी अॅम्बॅसिडर, पेट्रोलची. आजूबाजूच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्यात बसले. तिचे जुने इंजिन कसे गेले ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे कलम कळेल.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्याच्यावरच्या उंचवट्यांनी व्हाल्व उघडतात आणि मिटतात. नवा कॅम पहिल्यांदा चालू झाला की लगेच रेस वाढवून वीस मिनिटे तशीच धरावी लागते, तेव्हाच उंचवट्यांवर पुरेसे तेल उडते. इंजिन मंद ठेवले तर ते कोरडेच घासतात. आणि आमच्याकडे रीत अशी, की दुरुस्त झालेले इंजिन चालू करून मंद ठेवायचे आणि तसेच चालू ठेवून नारळ, भोग, आरती होऊ द्यायची. गेल्या वर्षी मी त्या इंजिनात नवा कॅम घातला आणि सामान आणायला सेनगावला गेलो. इकडे माझा मेहुणा हरिचंद याने चावी फिरवली. म्हणाला, "देवापुढं इंजन बंद ठेवतेत व्हय? चालू द्या, देवाला बी ऐकू द्या." मी आलो तेव्हा प्रसाद वाटून झाला होता आणि गाडी तशीच मंद पुटपुटत उभी होती.

कॅम झिजला आणि त्याचा चुरा तेलातून फिरून हळूहळू सगळे इंजिन खाऊ लागला. गाडी मंद चालीत बंद पडू लागली. गोरेगावच्या एका वरातीत ती बंद पडू नये म्हणून माझा मुलगा रणजीत रेस देऊन, अर्धा क्लच दाबून चालवत होता. त्याचा पाय सटकला आणि गाडीने उडी मारली. पुढे माझी नात दिपा नाचत होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्या भीमराजने कॅमेरा टाकून तिला फ्रॉकला धरून ओढले. तिची एक चप्पल चाकाखाली गेली. बाया नाचतच होत्या, कारण बँड थांबला नव्हता. मी मागून चालत होतो, पोहोचेपर्यंत सगळे होऊन गेले होते. तेव्हापासून कुठे बँड वाजला की मी दिपाला हाताला धरून घरात आणतो.

४. बदली इंजिन मी अकोल्याहून आणून बसवले आहे. त्यात कॅम सौम्यच घेतला. मूळच्यापेक्षा व्हाल्व जरासे जास्त उघडतात आणि जरासे जास्त वेळ उघडे राहतात, बस. कनेरगावच्या रस्त्यावर गाडी दम धरील आणि वरातीत माणसाच्या चालीने चालेल. कॅमवर टेकून व्हाल्व ढकलणारे टॅपेट सगळे नवे आहेत. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधी चढवू नयेत. स्प्रिंगा किंचित कडक घेतल्या, फार कडक स्प्रिंग कॅमलाच खाते. व्हाल्व पिस्टनला टेकत नाहीत ना, हे बघायला मी दिपाच्या खेळण्यातली माती पिस्टनवर थापली होती. तिला मातीचा नवा डबा घेऊन द्यावा, हिरवा रंग त्यात असलाच पाहिजे.

रणजीतने मित्राकडून मोठा कॅम मागवून ठेवला आहे. "बाबा, आजकाल नवरदेवाला गाडी गुरगुरलेली पायजे. रील निघतेत," असे तो म्हणतो. लेका, तो कॅम भरधाव गाडीसाठी आहे. मंद चालीत तो लंगडतो आणि सारखी रेस मागतो. नाचणाऱ्या लेकरांमागे रेस मागणारी गाडी नेऊन पुन्हा तेच करायचे का? मी टेबलावर असेन तेव्हा तू इंजिन उघडशील, ही भीती मला जेवू देत नाही. तो कॅम शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावावा.

५. झिजलेला जुना कॅम हरिचंदला द्यावा. तो त्याने देवघरात ठेवावा आणि आरतीच्या वेळी बघावा.

६. भीमराजला मी काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराच्या नावे काही लिहू नये असे वकील सांगतात. त्याने मला माझी नात दिली. त्याची फेड माझ्याकडे तशीही नाही.

७. रेडिएटर रविवारी हिंगोलीहून दुरुस्त होऊन येईल आणि मला रविवारीच दवाखान्यात भरती व्हायचे आहे. म्हणून इंजिन अजून एकदाही चालू झालेले नाही. चावी मी सून पुजा हिच्याकडे दिली आहे. जिवंत आलो तर चावी मी घेईन आणि हा कागद चुलीत घालीन.

८. नाही आलो, तर या इंजिनाची पहिली वरात माझी. नारळ, भोग, आरती, रडणे, सगळे इंजिन बंद असताना उरकून घ्यावे. मग पुजाने चावी द्यावी. रणजीतने गाडी चालू करताच रेस वाढवावी आणि वीस मिनिटे तशीच धरावी. कोणी काही म्हटले तरी रेस सोडू नये. तोवर मला उचलू नये, मी कुठे पळून चाललो नाही. नंतर तिरडीच्या मागे गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यावी आणि रणजीतने रेसवरचा आणि क्लचवरचा पाय काढून घ्यावा. घरापासून स्मशानापर्यंत ती बंद न पडता, हिसका न देता चालली तर गाडी रणजीतची. नाही चालली तर पुजाने ती विकावी आणि रणजीतने हूं की चूं करू नये.

दिपाला गाडीत आजीजवळ बसवावे. त्या दिवशी गाडीपुढे एकही लेकरू चालू देऊ नये. तिरडीचा मागचा एक खांदा हरिचंदने द्यावा. त्याच्या पुढे मी असेन. धक्का लागायचाच असेल तर आम्हा म्हाताऱ्यांना लागू द्या.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: हिरासिंग रामसिंग राठोड

साक्षीदार:
भीमराज पुंजाजी पाईकराव, फोटोग्राफर, गोरेगाव
रामप्रसाद गणपत कावरखे, किराणा दुकानदार, गोरेगाव

ठिकाण: गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५